पुढच्या सर्व्हरवरची नोंद

हेर्लेकरांनी मला ओळखलं नाही. ओळखायचं कारणही नव्हतं. चार वर्षांपूर्वी, चौकशीच्या दिवशी, मी आईचा दंड धरून फाटकाबाहेर उभी होते आणि ते गाडीच्या काळ्या काचेआड होते. आता मी पद्मजा कोथळे होते. पुण्याच्या कंपनीनं पाठवलेली सर्व्हरवाली बाई, गळ्यात ओळखपत्र, खांद्याला लॅपटॉपची बॅग. ते स्वतः जिना उतरून खाली आले.

“मॅडम, किती वेळ लागेल तेवढं सांगा. माणसं सकाळपासून बसलीत.”

“आधी बघू दे,” मी म्हटलं.

ही नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. फेब्रुवारीचा महिना, सांगलीकडं द्राक्षाचा ऐन हंगाम. आमच्या भागातली द्राक्षं परदेशी पाठवायची तर फवारणीच्या औषधाचा अंश मण्यांत किती उरलाय ते तपासून घ्यावं लागतं. ते काम मिरज रस्त्यावरची ही प्रयोगशाळा करायची. शेतकरी त्याला नुसतं ‘रेसिड्यू’ म्हणतात. रिपोर्ट प्रयोगशाळेच्या साइटवरून, डिजिटल सहीसकट उतरवून घ्यायचा. तो हातात पडल्याशिवाय कंटेनरला सील लागायचं नाही, आणि सील नाही म्हणजे बंदराचा रस्ता बंद.

आदल्या दिवशी सकाळपासून ती साइट आजारी होती. पूर्ण बंद असती तर निदान सोपं झालं असतं. साइट उघडायची, नाव-पासवर्ड घ्यायची, नमुन्यांची यादीही दाखवायची. रिपोर्टवर बोट ठेवलं की मात्र फाइल अर्ध्यावर तुटायची आणि उघडायचीच नाही. त्यांच्याकडच्या माणसानं दिवसभर बटणं चालू-बंद करून पाहिली होती. शेवटी त्यांनी आमच्या कंपनीला फोन केला. आमच्या साहेबांनी विचारलं, सांगलीचं कोण आहे का, तेव्हा त्यांचं वाक्य संपायच्या आत मी हात वर केला होता.

हात वर केला तो साइटसाठी नव्हे.

माझा भाऊ भरतेश मगदूम पाच वर्षं त्या प्रयोगशाळेचे सर्व्हर सांभाळत होता. एका हंगामात युरोपातून कंटेनर परत आले. तपासलं तर कळलं की अकरा नमुन्यांचे निकाल कुणीतरी मागाहून बदलले होते. औषधाचा अंश मर्यादेबाहेर होता, तो कागदावर मर्यादेत आणला होता. चौकशी बसली. हेर्लेकर तेव्हा उपसंचालक होते, चौकशीचं काम त्यांच्याकडंच गेलं. त्यांनी समितीपुढं एक छापील पान ठेवलं. अकराच्या अकरा बदल ज्या यंत्रावरून झाले त्याचा पत्ता त्या पानावर होता, आणि ते यंत्र दादाच्या ताब्यातलं. त्याच दुपारी साडेचारला दादाचा पासवर्ड काढून घेतला. तिसऱ्या दिवशी त्याचं नाव पेपरात आलं. कोर्टकचेरी झाली नाही, कारण संस्थेलाच ती नको होती. पण गावाला निकाल द्यायला कोर्ट कशाला लागतं? आई बस्तीत, आमच्या जैन मंदिरात, दर्शनाला जायची बंद झाली. तिथं बायका हसून बोलायच्या, पण तिच्या शेजारी बसायच्या नाहीत. दादाचं ठरलेलं लग्न पलीकडच्यांनी मोडलं. दादानं घरातला कॉम्प्युटर कुणालातरी देऊन टाकला आणि तासगावजवळच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये कॉम्प्रेसर बघायची नोकरी धरली. तेव्हापासून तो मोजकंच बोलायचा.

हेर्लेकर दोन वर्षांत संचालक झाले.

त्यांच्या मागोमाग मी जिना चढत होते तेव्हा हे सगळं माझ्या दाढेखाली होतं. खालच्या व्हरांड्यात जिन्यापाशी बाकावर दहा-बारा माणसं बसली होती. त्यांतल्या एक बाई उठून माझ्यापाशी आल्या. पन्नाशीच्या, हिरवं इरकली लुगडं, पायांत मातीनं भरलेले बूट. इंदुताई सलगरे, तासगावकडच्या. स्वतःची साडेतीन एकर बाग, आणि कंटेनर पहिल्यांदाच त्यांच्या एकट्यांच्या मालानं भरलेला.

“बाई, ह्यो माझा नंबर,” असं म्हणून त्यांनी एक चिठ्ठी माझ्या हातात दिली. “ट्रक शीतगृहापाशी उभा हाय. एक वाजता हलला तर बोट गावंल. न्हाईतर न्हाई.”

घड्याळात पावणेअकरा वाजले होते. मी म्हटलं, बघते.

सर्व्हरची खोली लहानशी होती, थंडगार. त्यात दोन यंत्रं. ती कशासाठी ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. दवाखान्यात जसा डॉक्टर आत बसतो आणि कंपाउंडर दारात, तसं हे असतं. मागच्या सर्व्हरवर खरं काम चालतं: नमुने, निकाल, रिपोर्ट. पुढचा सर्व्हर नुसता दारात उभा. बाहेरून कुणीही काही मागितलं की तो चिठ्ठी घेतो, आत नेतो, आतून आलेलं उत्तर बाहेरच्याच्या हातात देतो. आमच्या धंद्यात त्याला रिव्हर्स प्रॉक्सी म्हणतात. डॉक्टरला पेशंट दिसत नाही, कंपाउंडरच दिसतो. कोण आलं होतं असं डॉक्टरला विचारलं, तर तो कंपाउंडरचंच नाव सांगणार. नीट विचारायचं असेल तर कंपाउंडरची वही बघायला हवी.

समितीपुढं ठेवलेलं ते छापील पान मागच्या सर्व्हरचं होतं, म्हणजे त्यावर कंपाउंडरचाच, दादाच्या पुढच्या सर्व्हरचाच पत्ता होता. दादा तेव्हा घसा फोडून सांगत होता की पुढच्या सर्व्हरची नोंद बघा. त्याला उत्तर मिळालं होतं की तो सर्व्हर तुझ्याच हातातला, तिथली नोंद कोण मानणार?

मी कामाला लागले. हे काम मला येतं, आणि राग कितीही असला तरी हात आपलं काम विसरत नाहीत. दोष दारात आहे की आत, एवढं आधी ठरवायचं असतं. मी पुढच्या सर्व्हरला वगळून मागच्याकडं थेट एक रिपोर्ट मागितला. हातात इंदुताईंची चिठ्ठी होती म्हणून तोच नंबर घातला. क्षणात चारही पानांचा रिपोर्ट माझ्या लॅपटॉपवर उघडला. सगळे अंश मर्यादेत, खाली सही. कोपऱ्यात अकरा बेचाळीस वाजलेले दिसत होते. म्हणजे मागचा सर्व्हर ठणठणीत होता.

मग तोच रिपोर्ट पुढच्या सर्व्हरमार्फत मागितला. तुटला. त्याची तक्रारवही उघडली तर शेवटच्या हजारो ओळींत एकच रड होती: डिस्कवर जागा शिल्लक नाही. लहान पान आलं तर पुढचा सर्व्हर ते हातातल्या हातात पुढं सरकवतो. मोठी फाइल मात्र त्याला आधी डिस्कवर टेकवावी लागते, आणि टेकवायला जागाच नव्हती. म्हणून यादी दिसत होती आणि रिपोर्ट तुटत होता. एवढंच. कुठलीतरी बिनकामाची फाइल काढून थोडी जागा केली की दहा मिनिटांत साइट चालू.

जागा कशानं खाल्ली ते बघायला मी आत शिरले. नोंदी. रोजची एक, अशा सहा वर्षांच्या नोंदी एकाही दिवसाचा खाडा न पडता साठल्या होत्या. साधारणपणे जुन्या नोंदी आपोआप पुसल्या जातात, तशी सोय करून ठेवलेली असते. इथं ती सोय कुणीतरी जाणूनबुजून बंद केली होती, आणि शेजारी रोमन लिपीतल्या मराठीत एक ओळ लिहिली होती: नोंदी पुसू नयेत, भ. म. खाली तारीख होती. चौकशी सुरू झाली तो दिवस. पासवर्ड जाण्याआधी दादानं केलेलं ते शेवटचं काम असावं. त्याच्यामागून आलेल्या माणसांनी त्या ओळीला हात लावला नव्हता. धाकानं नव्हे, आळसानं.

अकरा बदलांच्या तारखा आणि वेळा मला पाठ होत्या. चौकशीचे कागद आमच्या घरात आईच्या ट्रंकेत होते. मी ते इतक्यांदा वाचले होते की झोपेतसुद्धा म्हणून दाखवले असते. मी पहिली तारीख काढली. वेळ शोधली. नमुना क्रमांक तोच, निकाल बदलल्याची ओळ तीच, आणि ओळीच्या सुरुवातीला कंपाउंडरनं लिहून घेतलेला खऱ्या माणसाचा पत्ता. त्या पत्त्याचा शेवटचा आकडा एक्केचाळीस. दुसरी तारीख, एक्केचाळीस. अकरावीपर्यंत एक्केचाळीसच.

कोणत्या टेबलावरच्या यंत्राला कोणता क्रमांक, याची यादी दादानं तिथंच करून ठेवली होती. एक्केचाळीस: उपसंचालक, खासगी केबिन. माझं तेवढ्यानं भागलं नाही. मी त्या ओळींच्या मागच्या-पुढच्या ओळी बघितल्या. तिसऱ्या बदलाच्या दोन मिनिटं आधी त्याच पत्त्यावरून रजेच्या अर्जाचं पान उघडलं होतं, आणि त्या पानाच्या नावातच हेर्लेकर होतं.

 इतकं शांत मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

दार उघडून हेर्लेकर आत आले. काही सापडलं का, असं त्यांनी विचारलं. मी लॅपटॉपची खिडकी बदलली. म्हटलं, जुन्या नोंदींनी डिस्क भरलीय.

“मग उडवा ना सगळ्या. कशाला हव्यात?”

मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. घाबरून म्हणाले की घाईनं, ते मला आजही सांगता यायचं नाही. मी म्हटलं, उडवता येतील. पण प्रयोगशाळेच्या नोंदी पुसायच्या तर गुणवत्ता विभागाची परवानगी लागते, आधी पूर्ण नक्कल काढावी लागते, ती सीलबंद करावी लागते, आणि ही नक्कल मूळ नोंदीइतकीच ग्राह्य मानायची या कागदावर त्या विभागाची आणि संचालकांची सही लागते. उद्या काही हरवलं तर माझ्या कंपनीवर येईल. हे सगळं खरं होतं.

“किती वेळ जाईल?”

“दोन-अडीच तास.”

“नक्कल नंतर काढता येणार नाही? आधी साइट चालू करून?”

“नाही,” मी म्हटलं.

एवढाच एक शब्द खोटा होता. साइट चालू झाली असती तर त्यांनी मला चहा पाजून, आभार मानून वाटेला लावलं असतं, आणि संध्याकाळपर्यंत त्या नोंदी गेल्या असत्या. बाहेर माणसं खोळंबली होती तोवरच माझा शब्द चालणार होता. तेवढ्या वेळातच ते कशावरही सही करणार होते.

केलीही. गुणवत्ता विभागाच्या गोरवाडे मॅडम वर आल्या. शिस्तीची, कोरडी बाई. त्यांनी कागद नीट वाचला, एक दुरुस्ती करायला लावली आणि मग सही केली. हेर्लेकरांनी न वाचताच केली. फोन कानाला होता, कुठल्यातरी निर्यातदाराला ते धीर देत होते. सही करताना त्यांच्या पेनाची शाई संपली तेव्हा मी त्यांना माझं पेन दिलं.

नक्कल सुरू झाली. पडद्यावर टक्के सरकत होते आणि मी खुर्चीत हात बांधून बसले होते. मला करण्यासारखं काहीच नव्हतं.

साडेबाराला दारावर टकटक झाली. इंदुताई होत्या. चप्पल-बूट आत चालत नाहीत हे वाचून त्यांनी बूट बाहेर काढले होते आणि त्या थंड फरशीवर अनवाणी उभ्या होत्या. त्या रडल्या नाहीत की भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या:

“बाई, सगळ्यांचं ऱ्हाऊ दे. माझा एक तरी निघतोय का बघ.”

त्यांचा रिपोर्ट माझ्या लॅपटॉपवर होता. पडद्यावरच्या खिडकीच्या मागं, उघडा. पेन ड्राइव्हवर घालून द्यायला अर्धं मिनिट लागलं असतं. पण तो दिला असता तर बाकावरचा प्रत्येकजण नंबर घेऊन आला असता, आणि हेर्लेकरांना कळलं असतं की रिपोर्ट निघतात, नक्कल थांबवली तरी चालतं.

“अजून नाही निघत, ताई,” मी म्हटलं.

त्या मान हलवून बाहेर गेल्या. एक वाजला. खिडकीतून मला दिसलं, त्या फाटकापाशी उभ्या राहून फोनवर बोलत होत्या, मग फोन बंद करून पायरीवर बसल्या. त्या गेल्या नाहीत. सव्वादोनला नक्कल पुरी झाली. गोरवाडे मॅडमनी दोन डिस्क लाखेनं सील केल्या, एक आपल्या कपाटात ठेवली, एक मला दिली. मी जुन्या नोंदी हलवल्या, आणि दोन वाजून पंचवीस मिनिटांनी साइट चालू झाली. व्हरांड्यात गलका उठला. इंदुताईंनी आपला रिपोर्ट छापून घेतला, उभ्यानंच पहिलं पान वाचलं आणि म्हणाल्या, आता ह्यात वाचायचं काय. मग कागदाची घडी करून त्या गेटबाहेर गेल्या.

हेर्लेकरांनी माझ्याशी हात मिळवला. तुमच्यासारखी माणसं इथं टिकत नाहीत, म्हणाले.

पुढचं भराभर झालं. बिघाडाचा अहवाल देणं हे माझं कामच होतं, तो मी दिला. त्यात डिस्क कशानं भरली ते लिहिलं, आणि नोंदी पुसण्यापूर्वी तपासल्या असता चार वर्षांपूर्वीच्या चौकशीशी संबंधित अकरा ओळी आढळल्या, त्या सोबत जोडल्या आहेत, एवढंच लिहिलं. कुणावर आरोप केला नाही. एक प्रत कंपनीला, एक संस्थेच्या नियामक मंडळाला, एक गोरवाडे मॅडमना. त्यांच्या कपाटातली सीलबंद डिस्क आणि नकलेच्या कागदावरची खुद्द हेर्लेकरांची सही यांच्यापुढं कुणाला काही बोलता येईना. मार्चअखेर मंडळानं सुनावणी घेतली आणि मला साक्षीला बोलावलं.

मी सगळं सांगितलं. कंपाउंडर आणि डॉक्टरचा दाखला दिला, मंडळातल्या म्हाताऱ्यांना तो चटकन कळला. हेर्लेकर समोर बसले होते. ते म्हणाले, चार वर्षं जुन्या ओळी उकरून काढायचं या बाईंना कुणी सांगितलं होतं? यांचा संबंध काय?

अध्यक्षांनी माझ्याकडं पाहिलं.

“मी माहेरची मगदूम,” मी म्हटलं. “भरतेश मगदूमची धाकटी बहीण.”

हेर्लेकरांनी तेव्हा मला पहिल्यांदा नीट पाहिलं. त्यांचं तोंड किंचित उघडं राहिलं. टेबलावरचा पाण्याचा पेला त्यांनी उचलला आणि न पिताच खाली ठेवला. बहीण म्हटल्यावर मंडळानं ती डिस्क पुन्हा बाहेरच्या माणसाकडून तपासून घेतली, पण ओळी त्याच निघाल्या. हेर्लेकरांना आधी निलंबित केलं, मग काढलं, मग पोलिसात तक्रार झाली. पेपरात त्यांचं नाव आलं त्या दिवशी मी पाच प्रती विकत घेतल्या. त्यांच्या बायकोनं गल्लीतल्या भिशीला जायचं सोडलं असं कुणीतरी सांगितलं, तेही मी ऐकून घेतलं, आणि मला वाईट वाटलं नाही. खोटं कशाला बोलू? आजही वाटत नाही.

मंडळानं दादाला पत्र पाठवलं. दिलगिरी, निर्दोषत्व, परत रुजू व्हायचं निमंत्रण. मी पुण्याहून रजा काढून गेले आणि अहवालाची प्रत घेऊन थेट कोल्ड स्टोरेजवर पोचले. दादा कॉम्प्रेसरच्या खोलीत होता. त्यानं हात पुसले, स्टुलावर बसला आणि अहवाल वाचला. मग परत पहिल्या पानावर येऊन पुन्हा वाचला. मी त्याच्या तोंडाकडं बघत उभी होते. चार वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली तो हाच, असं मला वाटत होतं.

“तू पोचलीस किती वाजता?” त्यानं विचारलं.

“पावणेअकरा.”

“साइट चालू झाली अडीचला.” त्यानं बोट ठेवलं. “डिस्क भरलीय हे कळायला तुला पावणेचार तास लागले?”

 दादानंच मला हे काम शिकवलं होतं. त्याला काय सांगणार?

“एखादी फाइल हलवून आधी चालू करायची. नक्कल मागनं.”

“चालू केली असती तर त्यानं सही केली नसती, दादा.”

“खाली कोण बसलं होतं?”

मी सांगितलं. इंदुताईंचं नाव, गाव, ट्रक, अनवाणी पाय, सगळं. लॅपटॉपवर उघडा असलेला रिपोर्टही सांगितला. तो कागदाकडंच बघत राहिला. शेवटी हळू आवाजात म्हणाला, “माझा पासवर्ड साडेचारला काढून घेतला. सव्वाचारपर्यंत मी लोकांचे रिपोर्ट काढून देत होतो. चार वर्षं मी तेवढ्यावर काढलीत, पद्मा.”

बस्स, तेवढंच. तो मला रागावला नाही. इंदुताईंकडं जा असंही म्हणाला नाही. अहवाल परत माझ्या हातात दिला, आईला मंडळाचं पत्र वाचून दाखव म्हणाला, आणि उठून मशिनीकडं गेला. त्या नोकरीवर तो परत कधी गेला नाही.

एप्रिलच्या मध्याला मी इंदुताईंच्या गावी गेले. बागेत खरड छाटणी चालली होती. वेलीवर पान राहिलं नव्हतं, नुसती खोडं आणि तारा. ऊन सरळ डोक्यावर. त्या कात्री घेऊन ओळीत होत्या. मला बघून आधी त्यांना आठवेना, मग आठवलं. पाणी दिलं. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं.

त्या कात्री चालवतच ऐकत होत्या. माल कुठं गेला ते मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, बेदाण्याला गेला. मालाचं त्यांनी एका वाक्यात संपवलं. बोट चुकवणारी बाई म्हणून निर्यातदारानं त्यांचं नाव पुढच्या हंगामाच्या यादीतून काढलं होतं. त्या यादीत यायला त्यांना तीन वर्षं लागली होती. ते सांगताना मात्र कात्री थांबली.

“भावासाठी केलंस,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“मला भाऊ असता आन् त्याच्यावर आळ आला असता, तर मीबी केलं असतं.” त्यांनी घाम पुसला. “पर मी काय केलं हुतं तुजं?”

 त्यांनी सुनेला हाक मारली आणि वही-पेन मागवलं. हे सगळं लिहून दे म्हणाल्या. हा कागद त्या निर्यातदाराला दाखवणार होत्या, आणि तुझ्या कंपनीलाबी धाडणार, असं त्यांनी मला तोंडावर सांगितलं. मी धाडा म्हटलं.

त्या कागदाचं पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकते. निर्यातदारानं त्यांचं नाव परत यादीत घातलं. पुढच्या फेब्रुवारीत त्यांचा कंटेनर गेला. कंपनीनं मला बोलावून विचारलं, मी कबूल केलं, आणि जूनमध्ये त्यांनी मला काढलं. दादाला फोन करून सांगितलं तेव्हा तो म्हणाला, घरी ये. मी दीड वर्ष घरी होते. त्या दीड वर्षात आई पुन्हा बस्तीत जायला लागली.

पण त्या दिवशी बागेत मी खोडाला टेकून लिहीत होते. तारीख घातली, किती वाजता काय झालं ते घातलं, त्यांचा रिपोर्ट माझ्याकडं उघडा होता हे लिहिलं, सही केली. इंदुताईंनी कागद हातभर लांब धरून वाचला. सावकाश, ओठ हलवत. वाचून झाल्यावर म्हणाल्या:

“तू आली नसतीस तर मला कळलं असतं का?”

“नाही.”

“मग का आलीस?”

“दादानं विचारलं, खाली कोण होतं.”

“आन् त्यानं विचारलं नसतं तर?”

मी त्यांच्याकडं पाहिलं. खोटं बोलायची सोय होती, आणि त्यांना ते चाललंही असतं.

“तर नसते आले,” मी म्हटलं.

त्यांनी कागद माझ्यापुढं धरला.

“मग तेबी लिही.”

मी लिहिलं.